घर नको, आधी एक कोपरा: मिनिएचर बनवायला शिकताना

मिनिएचर, म्हणजे खऱ्या जागेची किंवा वस्तूची छोटी प्रतिकृती, बनवायचं मनात आलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते आख्खं घर. दोन मजले, जिना, प्रत्येक खोलीत दिवा, गॅलरीत कुंड्या. सामान येतं, उत्साहाच्या भरात भिंती कापल्या जातात, आणि तिसऱ्या खोलीपर्यंत पोचता पोचता ते घर कपाटाच्या वर जाऊन बसतं. हात बसलेला नव्हता म्हणून असं होत नाही. एवढ्या मोठ्या कामात एखादी गोष्ट पुरी झाल्याचं समाधान महिनोन्महिने मिळत नाही, म्हणून होतं.

त्यामुळे या लेखात आपण घर बांधणार नाही, एकच कोपरा करणार आहोत. दोन भिंती, लाकडी जमीन, एक खिडकी, तिच्यापाशी टेबल आणि बाजूला पुस्तकांचं बुटकं कपाट. कापणं, चिकटवणं, रंगवणं, जुनं दाखवणं, उजेड पाडणं हे सगळं या तळहाताएवढ्या जागेत शिकून होतं. पुढे घर करायचंच असेल तर ते अशा कोपऱ्यांचंच बनतं.

या छंदाने मन निवतं असं करणारे सगळेच सांगतात. मला त्यात गूढ काही वाटत नाही. दोन मिलिमीटरची पट्टी चिमट्यात धरून जागेवर टेकवताना डोक्यात दुसरा विचार मावत नाही, आणि ती बसली की गोंद वाळेपर्यंत हात मागे घ्यावाच लागतो. थोडं काम, थोडं थांबणं. ही लय तुम्ही नाही, गोंद ठरवतो. वाट पाहायची तयारी नसेल तर मिनिएचर होईल, पण आराम मिळणार नाही, आणि मिनिएचरही बहुधा वाकडंच होईल.

पायरी १: प्रमाण ठरवा आणि मग त्याच्याशी इमान राखा

आपण १:१२ हे प्रमाण घेऊ. खऱ्या वस्तूचं प्रत्येक माप बाराने भागायचं. फूट-इंचाच्या हिशेबात एका फुटाचा एक इंच होतो, म्हणून हे प्रमाण बाहुलीघरांच्या दुनियेत सगळ्यांत जास्त रुळलं. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात बांधलेलं, आज विंडसर किल्ल्यात असलेलं बाहुलीघर याच मापाचं आहे. त्याचा आराखडा एडविन लट्यन्स यांचा, म्हणजे नवी दिल्ली आखणाऱ्यांपैकी प्रमुख वास्तुविशारदाचा. त्या घरात नळाला गरम-गार पाणी येतं आणि लिफ्ट चालते. आपल्याला तिथवर जायचं नाही, पण मोठ्यांनीही हेच माप निवडलं होतं हे लक्षात असू द्या.

नवशिक्याला १:१२ सोयीचं पडतं, कारण बोटांना धरता येईल इतक्या मोठ्या वस्तू होतात आणि तरी सगळं टेबलाच्या एका कोपऱ्यात मावतं. १:२४ मध्ये तीच खुर्ची निम्मी होते. रेल्वेची मॉडेल बनवणारे बरेच जण १:८७ वापरतात. हॅम्बुर्गमध्ये २००१ साली सुरू झालेलं मिनिएचर वंडरलँड हे अवाढव्य प्रदर्शन त्याच मापाचं आहे. त्यात १६५ सेंमी उंचीचा माणूस जेमतेम १.९ सेंमी भरतो. सुरुवातीला त्या वाटेला न गेलेलं बरं.

आता काही मापं वहीत लिहून ठेवा. ती सारखी लागतात.

- माणूस १६५ सेंमी: इथे १३.७५ सेंमी
- टेबलाची उंची ७५ सेंमी: ६.२५ सेंमी
- बसायची उंची ४५ सेंमी: ३.७५ सेंमी
- दार किंवा खिडकीची वरची कड २१० सेंमी: १७.५ सेंमी
- खिडकीचा कट्टा ९० सेंमीवर: ७.५ सेंमीवर
- साधं पुस्तक २२ सेंमी: १.८ सेंमी

पुठ्ठ्यातून १३.७५ सेंमीचा एक सपाट माणूस कापून घ्या. रंग नको, चेहरा नको. कुठलीही वस्तू करण्याआधी त्याला तिच्याशेजारी उभं करायचं. टेबल त्याच्या छातीला लागत असेल तर आकडेमोड कुठेतरी चुकली आहे. डोळा आकड्यांपेक्षा लवकर पकडतो, आणि पाहणाऱ्याचा विश्वास सगळ्यांत आधी उडतो तो मापातल्या गफलतीनेच. रंग थोडा कच्चा असला तरी चालून जातं. कपाटाएवढं पुस्तक किंवा ताटाएवढं मनगटी घड्याळ चालत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. लांबी-रुंदी बाराने भागता येते, पण साहित्याची जाडी तुमचं ऐकत नाही. साधा छपाईचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. आपल्या खोलीत तो १.२ मिमी जाडीच्या पुठ्ठ्यासारखा वागणार. कापडाचं, दोऱ्याचं, अगदी रंगाच्या थराचंही असंच. त्यामुळे साहित्य निवडताना आपल्याला हवं त्याहून पातळ, बारीक, मऊ काय मिळेल ते बघत राहायचं.

पायरी २: हत्यारं, मोजकीच

तुकडे पडणाऱ्या पात्याचा कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, टोकदार चिमटा, बारीक सँडपेपर, टूथपिक, दोन ब्रश आणि पांढरा गोंद. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि रबरबँड शिकंज्याचं काम करतात. गोल कापायची यंत्रं, छोटी ड्रिल, पन्नास रंगांचे संच यातलं काही आत्ता आणू नका. साहित्य जमवणं हा स्वतंत्र छंद आहे आणि तो या छंदाला खाऊन टाकतो.

पातं बोथट झालं की ताबडतोब तोडा. हात कापतो तो बहुधा बोथट पात्यानेच, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि मग ते सटकतं. पट्टीला लावून हलक्या हाताने चार-पाच वेळा पातं फिरवायचं, एका दमात आरपार जायचा प्रयत्न करायचा नाही. पट्टी धरलेल्या हाताची बोटं कडेच्या बाहेर येऊ द्यायची नाहीत. तुटलेले तुकडे झाकणाच्या डब्यात टाका, केरात नको.

गोंदाबद्दल थोडं सविस्तर. पांढरा गोंद, म्हणजे पीव्हीए, कागद, पुठ्ठा, लाकूड, कापड आणि फोम या सगळ्यांना चालतो. वाळल्यावर पारदर्शक होतो. वीस-तीस मिनिटांत पकड घेतो, पण पूर्ण ताकद यायला जवळपास एक दिवस लागतो. झटपट चिकटणारा सुपरग्लू धातू आणि प्लॅस्टिकसाठी बरा, मात्र खिडकीच्या काचेऐवजी लावायच्या पारदर्शक प्लॅस्टिक पत्र्याजवळ वापरलात तर त्याच्या वाफेने पत्र्यावर पांढरं धुकं धरतं. सांडलेला सुपरग्लू कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नका. त्या संयोगात एवढी उष्णता निर्माण होते की भाजू शकतं. आणि थर्माकोल असेल तर स्प्रेचे रंग व द्रावकाचे गोंद त्यापासून लांबच ठेवा, ते थर्माकोल खाऊन टाकतात.

गोंद टूथपिकच्या टोकाने लावायचा. बाटलीतून थेट लावलेला गोंद हमखास जास्त होतो आणि फटीतून बाहेर येऊन चमकत राहतो.

पायरी ३: कागदावर खोली

पांढऱ्या कागदावर खोली आपल्या १:१२ मापातच काढा. जमीन २० × १५ सेंमी. प्रत्यक्षात ती २.४ × १.८ मीटरची जागा झाली, एका माणसाने बसून वाचावं एवढी. भिंतींची उंची २२ सेंमी. खिडकी ८.३ सेंमी रुंद, १० सेंमी उंच, जमिनीपासून ७.५ सेंमीवर. टेबल आणि कपाट यांचे पाय जमिनीवर कुठे येतील तेही काढा.

या टप्प्यावर एक प्रश्न विचारून घ्या: इथे कोण बसतं? लांबलचक कथा नको, एक ओळ पुरे. रात्री उशिरापर्यंत वाचणारी शिक्षिका, किंवा घड्याळं दुरुस्त करणारे निवृत्त गृहस्थ. पुढे वस्तू निवडताना ही ओळ फार कामाला येते. ती नसेल तर कोपरा दुकानाच्या काचेतल्या मांडणीसारखा दिसतो, सगळं नवं आणि कुणाचंच नाही.

पायरी ४: जमीन आणि भिंती

५ मिमी जाडीचा फोमबोर्ड, म्हणजे दोन कागदांच्या मधे फोम असलेला बोर्ड, घ्या. तळ २०.५ × १५.५ सेंमी, मागची भिंत २०.५ × २२, बाजूची भिंत १५ × २२. मागची भिंत तळाच्या मागच्या कडेवर पूर्ण रुंदीने उभी राहते, बाजूची तिला आतून येऊन टेकते, आणि आत बरोबर २० × १५ सेंमी जमीन उरते. कापताना हे एकदा कोरडंच जुळवून बघा.

पण चिकटवू नका! नवशिके बहुतेक इथेच घाई करतात. भिंती आडव्या असताना रंगवणं, पोत देणं, खिडकी बसवणं सोपं असतं. एकदा उभ्या राहिल्या की कोपऱ्यात ब्रश नीट पोचत नाही. आधी प्रत्येक पृष्ठभाग पुरा करायचा आणि जोडायचं सगळ्यांत शेवटी.

भिंतीला गिलाव्याचा पोत हवा असेल तर पांढऱ्या रंगात थोडा गोंद आणि चिमूटभर बारीक चाळलेली वाळू मिसळून स्पंजने टिपत लावा. कुठे पोपडा निघून विटा दिसायला हव्या असतील तर अंड्यांच्या ट्रेचा खरबरीत पुठ्ठा कापून त्याच्या विटा करा. त्या पुठ्ठ्याचा पोत विटेशी आश्चर्य वाटावं इतका जुळतो. फोमबोर्डच्या एकाच बाजूला ओला थर बसला की तो वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही पाणी घातलेल्या रंगाचा एक हात द्या आणि हात लावण्याइतकं कोरडं झालं की वर मेणकागद घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा.

जमिनीसाठी आईस्क्रीमच्या काड्यांइतकं सोयीचं काही नाही. काडी साधारण १ सेंमी रुंद आणि २ मिमी जाड, म्हणजे आपल्या मापात १२ सेंमी रुंद आणि २.४ सेंमी जाड फळी. जणू मोजूनच केलेली. गोल टोकं कापून टाका. पंधरा रांगा आणि रांगेत साधारण दोन काड्या, त्यामुळे पस्तीसेक काड्या हाताशी असू द्या. सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, एका रांगेत मध्यावर तर पुढच्या रांगेत एका बाजूला.

काड्या चिकटवण्याआधी रंगवायच्या. कारण साधं आहे: लाकडावर जिथे गोंद लागतो तिथे पातळ रंग मुरत नाही आणि पिवळट डाग कायमचे राहतात. तपकिरी ॲक्रिलिक रंगात भरपूर पाणी घालून दोन-तीन छटा करा, काड्या तीन गटांत बुडवून काढा, आणि लावताना मिसळून लावा. एकाच छटेची जमीन लाकडाची न वाटता छापील कागदाची वाटते.

काड्या वाळायला ठेवल्या की त्या दिवसाचं काम संपलं. पुढच्या बैठकीचं साहित्य मात्र ताटलीत काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी दमून आल्यावर शोधाशोध करावी लागली तर बसणं होत नाही. समोर दोन गोष्टी तयार असल्या की हात आपसूक लागतो.

पायरी ५: खिडकी

एकच भाग जीव ओतून करायचा असेल तर हा करा. कोपरा डोळ्यांना खऱ्या खोलीसारखा वाटतो तो खिडकीमुळे.

बाजूच्या भिंतीत चौकोन कापा. जाड पुठ्ठ्याच्या ५ मिमी रुंद पट्ट्यांची चौकट करा आणि आतल्या उभ्या-आडव्या पट्ट्यांसाठी काड्यापेटीच्या काड्या गुल काढून वापरा. सगळी चौकट रंगवून, पूर्ण वाळवून, मगच मागून पारदर्शक पत्रा लावा. पत्र्याला गोंद फक्त कडेने, टूथपिकने. कट्टा भिंतीपेक्षा थोडा पुढे आलेला असू द्या. त्याची सावली भिंतीवर पडली की जाडी खरी वाटते.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांनी १९३२ ते १९४० दरम्यान करवून घेतलेल्या ६८ छोट्या खोल्या आहेत, याच १:१२ मापाच्या. त्यांच्यात माणूस एकही नाही. पण जवळपास प्रत्येक खोलीत एखादं दार किंवा खिडकी अशी ठेवली आहे की पलीकडे काहीतरी दिसतं, बागेचा तुकडा किंवा शेजारच्या खोलीची कड, आणि उजेड तिकडून येतो. ही युक्ती उचलायला काही लागत नाही. खिडकीच्या मागे तीन-चार सेंमी अंतरावर फिकट निळ्या कागदाचा पडदा उभा करा आणि त्याच्या अलीकडे एखादी वाळकी बारीक फांदी. चित्र थेट पत्र्याला चिकटवू नका. मधलं अंतरच खोलीला बाहेर देतं.

खिडकीला आतून लावायच्या पडद्याचं कापड ही खरी डोकेदुखी. लहान तुकड्याला वजन नसतं, त्यामुळे तो पडद्यासारखा लोंबत नाही, झग्यासारखा फुगून राहतो. जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला रुमाल घ्या, पाणी घातलेल्या गोंदात भिजवा, मेणकागद पसरलेल्या थर्माकोलवर टाचण्यांनी चुण्या पाडून टोचून ठेवा आणि वाळू द्या. काढल्यावर चुण्या तशाच राहतात. नक्षीचं कापड घेताना बाराने गुणून बघा: एक सेंमीचं फूल म्हणजे त्या खोलीत थेट पंख्याच्या पात्याएवढं रुंद फूल.

पायरी ६: टेबल आणि कपाट

टेबलाचा वरचा भाग ७.५ × ५ सेंमी. पाच काड्या शेजारी शेजारी लावल्या की ५ सेंमी होतात, खालून दोन आडव्या पट्ट्या. पाय ५ मिमी चौकोनी लाकडी पट्टीचे, प्रत्येकी साधारण ६ सेंमी. चारही पाय चिकटपट्टीने एकत्र बांधून टोकं एकदमच सँडपेपरवर घासा, म्हणजे लांबी सारखी होते आणि टेबल डुगडुगत नाही. जोडताना टेबल उलटं ठेवा, आलेखाच्या कागदावर, आणि पाय काटकोनात राहावेत म्हणून खेळण्यातले ठोकळे टेकवा. पाय फक्त टोकावर चिकटवले तर ते कधीतरी निखळणारच. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या वरच्या भागाखाली लावल्या की पकड येते, आणि खऱ्या टेबलालाही त्या असतातच.

खुर्ची पहिल्या प्रकल्पात नको. तिच्या पाठीचा कल आणि पायांचे कोन यांत नवशिक्याची संध्याकाळ जाते. ३.७५ सेंमी उंचीचं स्टूल करा.

कपाट १० सेंमी उंच, ५ रुंद, २ खोल. काड्यांच्याच फळ्या, दोन फळ्यांत २.५ सेंमी अंतर. मागे पातळ पुठ्ठा लावला की ते आपोआप काटकोनात येतं.

पुस्तकं करताना हात सैल सोडा. कपाटात उभ्या पुस्तकांचे फक्त कणे दिसतात, त्यामुळे पानं असलेली पुस्तकं चार-दोनच करा, बाकी पुठ्ठ्याच्या ठोकळ्यांना रंगीत कागद गुंडाळला की झालं. उंची १.५ ते २ सेंमीच्या दरम्यान कमी-जास्त ठेवा, जाडीही वेगवेगळी. दोन-तीन पुस्तकं कलती, एक आडवं टाकलेलं. टेबलावर उघडं पुस्तक ठेवायचं असेल तर भेटवस्तूंच्या वेष्टनातला झिरझिरीत कागद घ्या. साध्या कागदाची पानं ताठ उभी राहतात.

पायरी ७: रंग, आणि त्यानंतरचं वापरलेपण

रंग ॲक्रिलिक. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमी बरे, आणि दोहोंच्या मधे अर्धा तास. खऱ्या वस्तूचा रंग जसाच्या तसा लहान वस्तूला दिला तर तो गडद आणि भडक दिसतो, म्हणून प्रत्येक रंगात किंचित पांढरा किंवा राखाडी मिसळा. चकाकीचंही तेच. शेवटचा हात मॅट वॉर्निशचा, फक्त काच आणि धातू चमकू दे.

इथवर आलेली खोली स्वच्छ, नीट आणि थोडी निर्जीव असते. तिच्यात जीव येतो तो वापराच्या खुणांनी, आणि माझ्या दृष्टीने या छंदातला सगळ्यांत रंगणारा भाग तोच. ब्रश घेण्याआधी चार गोष्टींचा विचार करा. हात कुठे लागतो? पाय कुठे पडतो? पाणी कुठे मुरतं? ऊन कुठे येतं? टेबलाची पुढची कड आणि कपाटाच्या फळीचा मधला भाग हातांनी झिजतो. जमिनीचा रंग स्टुलापाशी आणि चालायच्या वाटेवर उडतो, कपाटाखाली तो नवाच राहतो. खिडकीच्या कट्ट्याखाली ओलीचे ओघळ येतात. पडद्याची खिडकीकडची बाजू फिकी होते. सगळीकडे सारखाच मळ फासला तर जुनेपणा येत नाही, नुसती घाण दिसते.

तंत्रं दोन-तीनच. पहिलं, वॉश: गडद तपकिरी रंगाच्या एका भागात आठ-दहा भाग पाणी घालून लावायचं आणि लगेच कापडाने वरवर पुसायचं. रंग फटींत, सांध्यांत बसतो आणि खोलपणा दिसतो. दुसरं, ड्राय ब्रश: ब्रशवर फिकट रंग घेऊन तो जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाकायचा आणि कोरड्या ब्रशने फक्त कडांवरून हलकेच फिरवायचा. उंचवटे उजळतात. तिसरं, काळ्या रंगावर ६बी पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलं की लोखंड तयार होतं. खिडकीच्या कड्या, कपाटाची मूठ यांना हे पुरेसं आहे. धुळीसाठी रंगीत खडूची बारीक पूड मऊ ब्रशने कोपऱ्यांत.

वस्तूंची मांडणीसुद्धा याच नजरेने करा. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४० च्या दशकात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी संशयास्पद मृत्यूंची दृश्यं १:१२ मापात उभी केली. बाहुल्यांचे मोजे त्यांनी टाचण्यांवर विणले होते. हौस म्हणून हे सगळं केलेलं नव्हतं: पाहणाऱ्याने प्रत्येक वस्तूवरून तर्क करायचा होता, त्यामुळे एकही वस्तू उगाच ठेवून चालणार नव्हतं. आपला विषय सुदैवाने तेवढा भीषण नाही, पण कसोटी तीच लावा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर भिंग असेल, चिमटा असेल, उघडं पडलेलं एक घड्याळ असेल. फुलदाणी कशाला?

पायरी ८: जोडणी आणि दिवा

आता तळ, भिंती, मग जमिनीला लागून भिंतीच्या पायथ्याशी ८ मिमीची पट्टी. ही पट्टी सांध्यातल्या सगळ्या फटी झाकते, म्हणून ती टाळू नका. रात्रभर वाळू द्या. सामान दुसऱ्या दिवशी, आणि चिकटवण्याआधी एक दिवस नुसतं मांडून ठेवा. येता-जाता नजर पडली की काय खटकतं ते कळतं.

दिव्यासाठी तयार तारा जोडलेला ३ व्होल्टचा उबदार पांढरा एलईडी आणि सीआर २०३२ हा बटण सेल. एलईडीच्या लांब पायाला धन टोक. तार भिंतीच्या मागून न्या, समोरून दिसू देऊ नका. एलईडी फारसा तापत नाही, त्यामुळे कागदाचा दिवा चालतो. खरी ज्योत कधीही, कौतुकापुरतीही नको. आणि घरात लहान मूल असेल तर सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणाराच घ्या. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजतो. असं झाल्याची शंका जरी आली तरी थांबायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

डोळे, मान आणि वेळ

एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरेत. टेबलावर पांढऱ्या उजेडाचा दिवा हवा, डाव्या हाताने काम करणाऱ्यांनी तो उजवीकडे ठेवावा, बाकीच्यांनी डावीकडे, म्हणजे हाताची सावली कामावर येत नाही. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीसेक फूट लांबचं काहीतरी वीस सेकंद पाहावं. वाकून काम करण्याऐवजी काम वर आणा. जाड पुस्तकांच्या चळतीवर मॅट ठेवली तरी फरक पडतो. भिंग लागत असेल तर लाजू नका, दुप्पट मोठं दाखवणारं डोक्याला लावायचं भिंग फार उपयोगी पडतं.

पहिलं मिनिएचर कुणाच्या वाढदिवसाला द्यायचं कबूल करून बसू नका. तारीख आली की गोंदाची आणि तुमची भांडणं सुरू होतात.

शेवटी फोटो, मग पेटी

फोनचा कॅमेरा खोलीच्या जमिनीपासून साधारण १२.५ सेंमी उंचीवर धरा. पुठ्ठ्याच्या माणसाचे डोळे जवळपास तिथेच येतात. वरून काढलेल्या फोटोत कोपरा खेळणं दिसतो, या उंचीवरून खोली दिसते. फोटो मोठा करून पाहा. गोंदाचे धागे, न रंगवलेली कड, वाकडं पुस्तक, जे हातात धरून दिसलं नव्हतं ते सगळं तिथे दिसेल. त्यातलं जे तीन फुटांवरून दिसत नाही ते सोडून द्या. बाकीचं पेन्सिलीने यादी करून एका बैठकीत उरका.

लहान वस्तूंवरची धूळ पुसता येत नाही, पुसायला गेलं की पुस्तकं हातात येतात. म्हणून कोपऱ्यावर पहिल्या दिवसापासून पारदर्शक पेटी हवी, निदान उलटा ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा तरी. थेट उन्हाच्या जागी ठेवू नका, कागद आणि रंग दोन्ही उडतात. तरीही धूळ बसलीच तर मेकअपचा मऊ, कोरा ब्रश वापरा, वरून खाली.

उरलेल्या काड्या, पट्ट्या आणि कापडाचे तुकडे जाडीप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर मिलिमीटर लिहा. पुढचा कोपरा करताना २ मिमीची पट्टी शोधायला अर्धी बैठक जाणार नाही.